निसटलेला चेंडू

सॉफ्टबॉलचा माझा पहिला चेंडू थेट बडी बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खिडकीत गेला. नशीब, खिडकी उघडी होती. आत त्या हजेरीपटावर सह्या करत होत्या. चेंडू त्यांच्या टेबलावरून टप्पा घेऊन कपाटावर आदळला. मी पळायच्या तयारीत होते, पण आमचे पीटीचे सर हसत होते.

"जोर देखा? फिर से फेंको, बेटा."

मी तेव्हा नववीत होते, बालाघाटच्या मुलींच्या शाळेत. सर जबलपूरहून कसलंसं शिबिर करून आले होते आणि येताना दोन बॅटी, पाच हातमोजे आणि संत्र्याएवढा चेंडू घेऊन आले होते. आम्हाला वाटलं क्रिकेट. सर म्हणाले, ही बेसबॉलची धाकटी बहीण. फेकणारीनं हात गरकन पूर्ण फिरवून, कमरेखालून चेंडू सोडायचा. मारणारी तीनदा चुकली की बाद. तिन्ही ठाणी फिरून परत घरी, म्हणजे मारायच्या जागेवर, आली की एक धाव. फेकणारीनं चार वाईट चेंडू टाकले की मारणारी फुकट पहिल्या ठाण्यावर. माझे पहिले कितीतरी दिवस फुकट वाटण्यातच गेले.

मला वळण लावलं ते माझ्या कॅचरनं. ती लामता गावची, शेतकऱ्याची पोर. शिकायला बालाघाटच्या वसतिगृहात राहायची. फेकलेला चेंडू पकडायला मारणारीच्या मागे तासन्‌तास उकिडवं बसावं लागतं. बाकीच्या मुली पाच मिनिटांत "पाय गेले" म्हणून उठायच्या. ही हलायची नाही. "धानाचं निंदण करतो आम्ही दिवसभर असंच बसून," ती म्हणायची. "हे तर सावलीतलं काम हाय." सावली कुठेच नव्हती, पण ती तसंच म्हणायची.

शाळा सुटली की आम्ही दोघी ग्राउंडवर. मी फेकायची, ती पकडायची. तिचा मोजा फाटला तर तिनं आत पोत्याची घडी भरून शिवला. एकदा फेकून फेकून माझी बोटं इतकी दमली की चेंडू तळव्यात खोल बसला आणि सुटताना मागे रेंगाळला. हात नेहमीच्याच वेगानं फिरला, चेंडू मात्र बैलगाडीसारखा आला. ती आधीच पुढे झेपावली आणि तोंडावर पडली.

धूळ झटकत उठली. "हा कसा टाकला व?"

"टाकला नाही, हातातून निसटला."

"मंग पुन्हा निसटव!"

महिनाभर आम्ही तेच करत होतो.

बाबा कलेक्टर कचेरीत होते. त्यांना हा खेळच पटेना. "नोकरीच्या फॉर्मवर याचं नाव तरी असते काय?" ते विचारायचे. आई मात्र खांद्याला मोहरीचं तेल चोळून द्यायची. मी अकरावीत गेले आणि त्या वर्षी शालेय राज्य स्पर्धा आमच्याच गावात आली. इतक्या लांबून संघ आले की रिक्षावाले सुद्धा विचारू लागले, "आज किसका मैच है?"

आम्ही फायनलला पोचलो. समोर माळव्यातला संघ, सारख्या रंगाचे गणवेश, खिळ्यांचे बूट. आम्ही कॅनव्हासच्या बुटांत. शेवटच्या डावापर्यंत आम्ही तीन-दोननं पुढे होतो. मग माझा हात भरकटला. दोघी बाद झाल्या होत्या, पण तिन्ही ठाण्यांवर त्यांच्या मुली उभ्या, आणि बॅट घेऊन आली त्यांची कप्तान. ती दोनदा चुकली. मी तीन वाईट टाकले. आणखी एक वाईट, की सगळ्या एकेक ठाणं पुढे सरकणार, एक मुलगी चालत घरी येणार आणि सामना बरोबरीत.

कॅचरनं दोन मांड्यांच्या मध्ये मूठ वळून दाखवली. मूठ म्हणजे हळू. मी मान हलवली, नाही. तिनं पुन्हा मूठ दाखवली. मी पुन्हा नाही. तेव्हा ती पंचांना थांबवून सरळ माझ्याकडे चालत आली.

"काहून आयकत नाहीस?"

"हळू टाकला अन् तिनं मारला तर?"

"मी तिच्या पायाजवळ बसून राह्यलो. मले दिसते ना! टाच उचलून उभी हाय थे, फास्टची वाट पाहून राह्यली. तू फक्त हात जोरानं फिरव."

"अन् खाली पडला तर?"

"खाली माही छाती हाय."

ती परत जाऊन बसली. माझे कान गरम झाले होते. लोक ओरडत होते, पण मला फक्त तिचा तो पोत्याचा मोजा दिसत होता. मी होता नव्हता तो सगळा जोर लावून हात फिरवला आणि चेंडू निसटू दिला.

कप्तानची बॅट आधीच फिरून गेली! चेंडू मागाहून आला, तिच्या गुडघ्याजवळ डुबला, मातीला लागायच्या आत मोज्यात शिरला. पंचांचा हात वर गेला. मी ओरडले की रडले, आठवत नाही. कॅचर धावत येऊन अंगावर पडली आणि आम्ही दोघी लोळलो. मान वर केली तर दोरीपलीकडे कचेरीतून थेट आलेले बाबा, हातात जेवणाची पिशवी, शेजारच्या अनोळखी माणसाला गदागदा हलवत विचारत होते, "जीते ना? हम जीते ना?"

संध्याकाळी राज्याच्या संघाची यादी लागली. त्यात आमची दोघींची नावं होती. छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं आम्ही शिबिराला निघालो. नैनपूरपर्यंत दोघीही खिडकीत उभ्याच.

राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात हरलो. पण तिथून पुढे आठ वर्षं मी खेळले, आधी राज्यासाठी, मग विद्यापीठासाठी. उजवा खांदा कायमचा दुखायला लागला तेव्हा थांबले. थांबताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच खेळाच्या प्रमाणपत्रांवर हट्टा गावाकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. कॅचर पोलिसात गेली.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "किती पोरी आल्या व ग्राउंडवर?"

"एकवीस."

"अन् फेकणारी?"

"तिघी हायेत. एकीनं तर आज ऑफिसची काच फोडली!"

"हौ?" ती फोनमध्येच किंचाळली. "तिले सोडू नको. रविवारी येतो मी पाहाले."