लिस्बनला सोमवारी मासे

लिस्बनला कुठे जेवायचं हे आमच्या घरात निघण्याच्या तीन महिने आधी ठरलं. भूक कधी लागेल, कशाची लागेल, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. जिजूंनी एक शीट केली होती. एका रविवारी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या त्यांच्या घरी, जेवणं झाल्यावर, ती भिंतीवरच्या टीव्हीवर लावली आणि रिमोट हातात घेऊन ते उभे राहिले. ताई, आई आणि मी सोफ्यावर बसून बघत होतो. जागेचं नाव, रेटिंग, तिथल्या भाड्याच्या घरापासून चालत किती मिनिटं, रिझर्व्हेशन लागतं का, फोटो चांगले येतात का, असे चौदा कॉलम होते. हिरवं म्हणजे नक्की, पिवळं म्हणजे बॅकअप. चार पॉइंट सहाच्या खालचं काहीही शीटमध्ये घ्यायचं नाही, असा नियम होता. जिजू ऑफिसात प्रोग्रॅम मॅनेजर आहेत. सुट्टीतही त्यांना मॅनेज करायला काहीतरी लागतं.

“हे सगळं ऑथेंटिक आहे,” ते म्हणाले. “टूरिस्ट लोकांना माहीतच नाहीत अशा जागा. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर विचारून, फिल्टर करून काढल्यात.”

मंडळाच्या ग्रुपवर म्हणजे आमच्यासारख्याच टूरिस्ट लोकांना विचारून. हे मी मनात म्हटलं. मी बहुतेक गोष्टी मनातच म्हणते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, आणि दोन्हीकडे माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत विषय बदललेला असायचा. आई मला लहानपणापासून घुमी म्हणते.

आईने त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. “तिथे समुद्र आहे का?”

“आहे की! नदी आहे आणि पुढे समुद्र,” ताई म्हणाली.

आई रत्नागिरीची. बाबा गेल्यावर ताईने तिला कायमचं इकडे आणलं, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत तिने ताजा मासा खाल्ला नव्हता. ताईच्या घरी स्वयंपाकघर आणि हॉल एकच, त्यामुळे मासे तळायचे नाहीत. वास कार्पेटला बसतो. एकदा मागच्या डेकवर शेगडी मांडून इंडियन स्टोअरमधली गोठवलेली सुरमई तळली. आईने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, “ही कधी मेली असेल?” समुद्र आमच्यापासून अडीच तासांवर आहे. तिथेही गेलो होतो. ताईने सगळ्यांसाठी जाड पिठात तळलेली कोळंबी मागवली, सोबत बटाट्याच्या काड्या. आईने कोळंबी सोलावी तशी पिठाची सालं काढली आणि बाजूला ठेवली.

म्हणून टीव्हीवर “ग्रिल्ड फिश, सीफूड, चार पॉइंट आठ” ही हिरवी ओळ आली तेव्हा ती चष्मा लावून पुढे सरकली. मग तिने वार वाचला आणि पुन्हा मागे टेकली.

भांडी मशीनमध्ये लावताना ती मला म्हणाली, “सोमवार आहे गं.”

आई सोमवार पाळते. उपास नाही, पण मासे-मटण नाही. पन्नास वर्षं पाळते. शीटमध्ये चौदा कॉलम होते आणि त्यात आईच्या वाराचा विचार नव्हता. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोहोचणार आणि मंगळवारी सकाळी परत निघणार होतो. मासे खायचे तर शनिवार आणि रविवार, एवढेच दोन दिवस.

“मी सांगते,” मी म्हटलं.

सांगितलं नाही. घरी गेल्यावर शीट उघडली आणि त्या हिरव्या ओळीला कमेंट टाकली, की आई सोमवारी मासे खात नाही, शनिवारी करता येईल का. दुसऱ्या दिवशी जिजूंनी उत्तर लिहिलं, की आईंना तिथे सॅलड मिळेल, आणि पुढे हसरा चेहरा. मग कमेंट ‘रिझॉल्व्ह’ करून टाकली. माझ्या आईची आठ महिन्यांची भूक करड्या रंगात बदलून बाजूच्या पट्टीत नाहीशी झाली.

“सांगितलंस का जिजूंना?” आईने फोनवर विचारलं.

“लिहिलंय.”

“लिहायला काय, ते परगावी राहतात?”

शेवटी तिनेच त्यांच्याकडे विषय काढला. जिजू हसले. “आई, एक दिवस चालतं हो. परदेशात देव पण ॲडजस्ट करतो.”

“देवाचं मी बघते,” आई म्हणाली. “तुम्ही बुकिंगचं बघा.”

पण बुकिंग तोपर्यंत झालेलं होतं, कार्ड नंबर दिलेला होता, आणि शनिवारी तिथे टेबल नव्हतं. रविवारी ती जागा बंद. जिजूंनी दोन्ही तपासलं होतं, असं ताईने मला सांगितलं. त्यापलीकडे लिस्बनमध्ये दुसरीकडे कुठे मासा मिळू शकतो, ही शक्यता त्या घरात कोणाला सुचली नाही. मलाही सुचली नव्हती, हे कबूल करते. मीसुद्धा चार वर्षं मॉरिसव्हिलमध्ये राहून रेटिंग बघितल्याशिवाय कॉफी पीत नव्हते.

शनिवारी सकाळी शीटप्रमाणे ब्रंच होता. एका चढावर ती जागा होती आणि बाहेर रांग होती. रांगेतले लोक बघून मला वाटलं, आपण विमानात बसलोच नाही. तेच बूट, त्याच स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या, तेच मोठ्याने बोलणं. दारावरच्या पाटीवर ॲव्होकाडो टोस्ट लिहिलेला होता, इंग्रजीत. जिजू म्हणाले, “बघा, लोकल लोक किती आहेत.”

आमच्या पुढे एक जोडपं होतं. बाईने मागे वळून आईच्या साडीकडे बघितलं आणि चेहरा उजळला. “मराठी का? आम्ही बेलव्ह्यूचे. म्हणजे मूळ नागपूरचे.”

मग सुरू झालं. तुम्ही कुठले, कुठल्या कंपनीत, ग्रीन कार्डचं कुठपर्यंत आलं. आई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. बेलव्ह्यूचे गृहस्थ म्हणाले, “आम्हाला ना यार, एक जबरदस्त लिस्ट मिळालीये. आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आली होती. इथल्या लोकांनाच माहीत असलेल्या जागा आहेत.” त्यांनी फोन पुढे केला. हिरव्या ओळी, पिवळ्या ओळी, चौदा कॉलम.

जिजूंनी फोन हातात घेतला. “अरे! ही माझी आहे!”

“काय सांगता!”

“माझी! व्हर्जन पाच आहे ही. मी आता सातवर आहे.”

दोघांनी हस्तांदोलन केलं. नंतर सेल्फीही काढला. आपण ज्या रांगेत तासभर उभे आहोत ती आपणच लावलेली आहे, हे जिजूंच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांना वाईट वाटलं नसतं. ते आनंदात होते. बेलव्ह्यूच्या काकू ताईला सांगत होत्या की सोमवारी ते मासे खायला अमुक ठिकाणी जाणार आहेत. चार पॉइंट आठ.

तेवढ्यात खालच्या गल्लीतून धूर आला. कोळशाचा, आणि त्यात मासा. आईने मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, काही मागितलंही नाही. तिला बहुधा वाटलं असेल, हिला सांगून काय उपयोग, ही पुन्हा कुठेतरी लिहून ठेवेल.

“आम्ही दोघी जातो,” मी म्हटलं.

जिजूंना आधी ऐकूच गेलं नाही. मी परत म्हटलं.

“जाता? कुठे?”

“जेवायला.”

“पण आपला नंबर येईल आता, वीस मिनिटांत. आणि कुठली जागा? रेटिंग बघितलंस?”

“नाही.”

“अगं, मग कसं कळणार? आईंचं पोट बिघडलं तर?”

“बिघडू दे,” मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, जरा चिरकला होता. ताई “अगं” एवढंच म्हणाली. आई तोपर्यंत चार पायऱ्या उतरली होती.

जागा आईने शोधली; मी फक्त मागून गेले. पहिल्या ठिकाणी दारात एक माणूस हातात पदार्थांच्या फोटोंचं कार्ड घेऊन बोलावत होता. आई न थांबता पुढे गेली. “जो दारात उभा राहून बोलावतो, त्याच्या आत काही खरं नसतं.” दुसरं निळ्या फरश्यांचं, सुंदर होतं. काचेत बर्फावर मासे मांडले होते. मला तिथेच बसावंसं वाटलं, खरं सांगायचं तर फोटो काढावासा वाटला. आई काचेला नाक लावून बघत राहिली. “डोळे आत गेलेत. चल.”

तिसरी जागा म्हणजे एक अरुंद खोली होती. टेबलांवर कागद अंथरलेले, काचेवर आतून हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला. रंगाचे डाग पडलेल्या पँटी घातलेले चार कामगार जेवत होते. बाहेर फुटपाथवर शेगडी होती आणि एक साठीची बाई चिमट्याने मासे उलटत होती. मी फोन काढून त्या कागदाचं भाषांतर करायला लागले. आई सरळ शेगडीपाशी गेली. कच्च्या माशांचं ताट बघितलं, एक मासा उचलून कल्ला उघडला. त्या बाईने तिला अडवलं नाही. उलट तिने दुसरा मासा उचलून त्याचाही कल्ला दाखवला.

“तारली आहे,” आई मला म्हणाली, ओळखीचं कोणी भेटावं तशी. मग बाईला आठ बोटं दाखवली.

ताट आलं तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, “पोट साफ केलेलं नाहीये.” दुसरं, “हळद नाही, कोकमाचं आगळ नाही, नुसतं मीठ.” मग ती जेवायला लागली. बाजूचे कामगार पावाच्या तुकड्यावर मासा ठेवून हाताने खात होते, तिने तसंच केलं. काटे सरळ रेषेत ताटाच्या कडेला लावत गेली. मी काट्या-चमच्याने खात होते. तिने माझ्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला.

आई रडली वगैरे नाही. बाबांची आठवण काढली नाही, रत्नागिरीचीही नाही. मधेच एकदा म्हणाली, “सकाळचीच आहे,” आणि आणखी चार मागव असं खुणेने सांगितलं.

आम्ही परतलो तेव्हा जिजू आणि ताई बाहेर पडत होते. “काय व्हाइब होती!” जिजू म्हणाले. ताईने आईच्या हाताचा वास घेतला आणि मला विचारलं, “मीठ जास्त नव्हतं ना? तिला बीपी आहे.”

रविवारी ती खोली बंद होती. आम्ही शीटप्रमाणे एका भारतीय हॉटेलात पनीर खाल्लं, कारण ‘आईंना घरचं काहीतरी’ असं एका पिवळ्या ओळीत लिहिलेलं होतं.

सोमवारी मासे होते. खिडकीजवळचं टेबल, मेणबत्ती, पांढरे नॅपकिन. दोन टेबलं सोडून बेलव्ह्यूचं जोडपं बसलं होतं. त्यांनी हात केला. आईसमोर सॅलड आलं. जिजूंसमोर एक मोठा मासा आला, डोक्यासकट, लिंबाच्या चकत्या लावलेला. त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

“आई, खरंच मिस करताय तुम्ही.”

आई निवांत ऑलिव्ह खात होती. तिने त्या माशाच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे झुकून हळूच काही म्हणाली.

“काय म्हणतायत आई?” जिजूंनी विचारलं.

एरवी मी ‘काही नाही’ म्हटलं असतं.

“म्हणतेय, काल रविवारी होड्या गेल्या नसणार. हा बर्फातला आहे, दोन-तीन दिवसांचा.”

ताईचा काटा मधेच थांबला. जिजूंनी ताटाकडे बघितलं, मग फोन उचलून काहीतरी वर सरकवलं.

“फोर पॉइंट एट आहे गं,” ते म्हणाले, आणि खायला लागले.