शब्दांच्या जागा

मी चौथी शिकले. वाचता येतं, पण लांब शब्दाच्या शेपटाशी पोचेपर्यंत त्याचं डोकं विसरते. तरी बचत गटाच्या डाळ मिलच्या उद्घाटनाचं भाषण मीच करणार होते. अध्यक्ष मी आहे.

धाकटी जाऊ सातवी पास. ती बैठकीत म्हणाली, "बाई, तुमच्यानं नाही होत. मले द्या. यवतमाळहून मॅडम येऊन राह्यल्या, इज्जतीचा सवाल आहे."

"मी अडली तर अध्यक्षाची खुर्ची तुही," मी म्हटलं.

सुनेनं भाषण लिहून दिलं. कागदावरून वाचलं तर अडखळणार, म्हणून पाठ करायला बसले. अवघड शब्द काही डोक्यात राहीनात. मग मी ते बायकांना वाटून टाकले. बैठकीत सतरंजीवर प्रत्येकीची जागा ठरलेली, वर्षानुवर्षं कोणी हलत नाही. दाराशी बसणारी नवऱ्यामागं एकटीनं शेती करते, तिला 'स्वावलंबन'. तिच्या शेजारची लोकांची भांडणं पेटवून देते, तिला 'प्रोत्साहन'. खांबाजवळ जाऊ. तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून 'पारदर्शकता'. पुढच्यांनाही असंच. भाकरी थापताना मनातल्या मनात दारापासून सतरंजीवरून चालत गेलं की भाषण पुरं.

उद्घाटनाला उभी राहिले आणि समोर बघितलं. खोली बैठकीचीच, पण सतरंजी नव्हती. फुलसावंगीहून भाड्याच्या खुर्च्या आल्या होत्या. बायका सगळ्या एकसारख्या साड्या नेसून वाटेल तिथे बसलेल्या. दाराशी 'पारदर्शकता' बसली होती आणि गालात हसत होती.

मी माइकवरच ओरडले, "काहून जागा बदलल्या वो तुम्ही? उठा! आपापल्या जागी बसा, त्याबिगर भाषण नाही होत."

खुर्च्या करकरल्या. बायका हसत हसत जागेवर गेल्या. जाऊही खांबाशी गेली. मग मी एकेकीकडे बघत भाषण सरळ म्हणून टाकलं, कुठंही अडले नाही.

बायकांना का उठवलं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, की प्रत्येकीला एकेक शब्द दिला होता.

जाऊ लगेच म्हणाली, "मले कोणता शब्द देल्ला होता?"

सांगितला. कायले, तेही सांगितलं. मॅडमना चहाचा ठसका लागला. सगळ्यात मोठ्यानं जाऊच हसली आणि संध्याकाळपर्यंत तिनंच ते गावभर केलं.

खुर्ची माझीच राहिली. पुढच्या बैठकीला सतरंजी अंथरली, तर जाऊ मुद्दाम माझ्या जागेवर येऊन बसली. आता पाठ करायचं काही नव्हतं. तरी उठवलं.