सोडलेल्या दोन ओळी

"आधी तुझं आधार काढ."

असं म्हणाला तो. मी त्याला लायसन मागितलं, तर त्यानं उलट माझंच ओळखपत्र मागितलं. भर दुपारी, चार गिऱ्हाइकांसमोर. बेळगावातलं बंदुकीचं दुकान. काउंटरच्या अलीकडं मी, पलीकडं तो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. बाहेर गाडी अशी आडवी लावलेली की बस अडकून पडली होती. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला. ह्यानं वळूनबी बघितलं न्हाय.

आत आला आणि म्हणाला, "बत्तीसच्या पन्नास दे."

बत्तीस म्हणजे बत्तीस बोरच्या रिव्हॉल्वरच्या गोळ्या. मी म्हणाले, "साहेब, लायसनचं पुस्तक द्या. आणि आधार."

ह्यात चुकलं काय माझं? नियमच तसा हाय. अस्सल लायसन बघायचं, झेरॉक्स चालत न्हाय. फोटो आणि माणूस ताडून बघायचा. हत्याराचा नंबर बघायचा, वर्षाला किती गोळ्यांची परवानगी हाय, किती उचलल्या ते बघायचं. मग लायसनच्या पुस्तकात लिहायचं, दुकानाच्या रजिस्टरात लिहायचं, सही घ्यायची. खानापूरकडनं डुकरं हाकलायच्या बंदुकीसाठी छर्रे न्यायला शेतकरी येतात, ते प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून पुस्तक आणतात. बँकेचा गार्ड आणतो. रिटायर झालेले फौजी आणतात. कुणाच्या बापाला त्यात कमीपणा वाटला न्हाय.

ह्याला वाटला.

"काढ की आधार," तो म्हणाला. "मला मागतीस, मग तुझं नको का बघायला?"

आणि मी काढलं. आजबी हेच डसतंय मला. पर्समधनं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"वाच मोठ्यानं."

मी वाचलं. माझं नाव. बाबांचं नाव. गल्ली. वडगाव.

"वडगाव!" तो त्या चौघांकडं वळला. "नेकाराची हाय बघा." नेकार म्हणजे कन्नडात विणकर. "मागावर धोटा टाकायचा सोडून गोळ्या विकायला बसलीय. आणि लायसन कुणाला मागतीय? मला!"

चौघंबी हसले. त्यातल्या एका गार्डाचा लायसन वाढवायचा अर्ज मी आदल्या आठवड्यात भरून दिलता. तोबी हसला. भ्याला असंल, कळतंय मला. पण मी त्याला माफ केलेलं न्हाय.

मालक आतल्या खोलीतनं हात जोडतच बाहेर आले. "साहेब, नवी हाय पोरगी." दोन वर्षं झालती मला त्या दुकानात. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "माफी माग."

मी म्हणाले, "चुकलं, साहेब."

मालकांनी लोखंडी कपाट उघडलं आणि गोळ्यांचं खोकं पेपरात गुंडाळून स्वतःच्या हातानं दिलं. लायसन न्हाय, सही न्हाय, काय न्हाय. जाताना त्या माणसानं मोबाईलची कड माझ्या डोक्यावर टक्कन मारली. "हुशार हाय," मालकांना म्हणाला. "जरा माणसं ओळखायला शिकवा."

संध्याकाळी मालकांनी एक झेरॉक्स माझ्यापुढं टाकली. "सोडलेल्या ओळीत लिही. ह्यांच्या नावावर."

झेरॉक्स आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, सुभेदार आप्पांच्या लायसनची होती.

आता त्या सोडलेल्या ओळींचं सांगते. कामावर आले त्याच दिवशी मालकांनी सांगितलेलं, रोजच्या पानाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. "तू सहाला जातीस गं. नंतर कोण आलं तर जागा पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी कवा कवा ते एखादी झेरॉक्स द्यायचे आणि म्हणायचे, "काल तू गेल्यावर आलते हे, लिहून काढ." मी लिहायची. माझं अक्षर चांगलं. सही तेवढी आधीच झालेली असायची. मालक म्हणायचे, "मी घेतलीय."

मला कवाच शंका आली न्हाय. का, सांगू? हसू नका. आमच्या घरात माग. ताणा, म्हणजे मागावरची उभी सुतं, संपत आला की तो शेवटापर्यंत विणत न्हाईत. वीतभर सुतं मोकळी सोडायची आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्याला पिळून जोडायचं. ते काम बायांचं. सातवीत असल्यापासनं मी आईजवळ बसून सुतं जोडलीत, बोटांची साल जाईपर्यंत. मला वाटलं, हेबी तसंच असंल. आजचं पान उद्याच्या पानाला जोडायला जागा सोडत असतील. कुणी शहाण्या घरातली असती तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं की सरकारी रजिस्टरात मोकळी ओळ कशाला. मी विचारलं न्हाय. मोकळं सोडणं म्हणजे नेकीचं काम, हेच आमच्या हाडात.

पण त्या संध्याकाळी मला सगळं कळलेलं होतं. माणूस मी डोळ्यांनी बघितला होता. तो सुभेदार आप्पा न्हवता. आणि तरी मी लिहिलं. नाव, गाव उचगाव, लायसन नंबर, बत्तीस बोर, नग पन्नास. दुपारी माझी अब्रू त्यानं घेतली. संध्याकाळी माझी मीच घालवली.

सुभेदार आप्पा म्हणजे उचगावचे रिटायर फौजी. सत्तरीचे, पण पाठ ताठ. मी नवी असताना त्यांचं लायसन न बघताच रजिस्टरात लिहायला गेलते, तर मलाच रागावले. "बघून घे की पोरी! माझ्या तोंडावर जाऊ नको. फौजेत आम्ही पास बघितल्याबिगर कर्नललाबी आत सोडत न्हवतो." लायसन तपासायला मला मालकांनी न्हाय, आप्पांनी शिकवलं. आणि त्यांच्याच नावावर मी खोटं लिहिलं. ते वर्षाला जेमतेम दहा गोळ्या न्यायचे. बाकीच्या परवानगीवर मालकांचा डोळा.

पंधरा दिवस झाले असतील. त्या साहेबाच्या पुतण्याची वरात निघाली. नाचता नाचता वर गोळीबार. एक गोळी बँडातल्या ढोलवाल्याच्या मांडीत घुसली. घरचा कर्ता माणूस तो, ढोल तिथंच टाकून आडवा झाला. सगळे म्हणायला लागले, फटाका उडाला. पण पोलिसांना गटारीच्या कडंला रिकाम्या पुंगळ्या घावल्या. बत्तीसच्या.

मग दुकानांची रजिस्टरं बघितली त्यांनी. आमच्या रजिस्टरात बत्तीसच्या पुढं सारखं एकच नाव. उचगावचे सुभेदार आप्पा.

त्यांना ठाण्यात बोलावलं. सकाळपासनं अंधार पडंपर्यंत बाकावर बसवलं. रिव्हॉल्वर काढून घेतलं, लायसन काढून घेतलं. गावात बातमी गेली की म्हाताऱ्यानं गोळ्या विकल्या. उभ्या जन्मात ज्यानं कुणाचा पै-पैसा बुडवला न्हाय, त्याच्या सुनेला नळावर बाया विचारायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. काउंटरवर उघडला. आत चार रिकाम्या पुंगळ्या.

"दहा नेल्या," आप्पा म्हणाले. "चार मारल्या, त्या ह्या. सहा ठाण्यात जमा हाईत. माझ्या लायसनच्या पुस्तकात दहाच लिहिल्यात. मग तुमच्या रजिस्टरात एवढ्या कुठनं आल्या?"

मालक म्हणाले, "आप्पा, वय झालं. विसरला असाल."

आप्पा माझ्याकडं वळले. "पोरी, अक्षर कुणाचं हे?"

मी खाली बघितलं. फरशीला गेलेला एक तडा होता, तोच बघत बसले. त्यांनी डबा बंद केला आणि गेले. शिवी दिली न्हाय, काय न्हाय. दिली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला जेवण गेलं न्हाय. आई म्हणाली, काय झालं गं? मी म्हणाले, डोकं दुखतंय. काय सांगणार? की मी एका देवमाणसाला चोर केलं?

सकाळी दुकानात गेले तर मालकांनी टाइप केलेला कागद पुढं केला. सुभेदार स्वतः आले, माझ्यासमोर पन्नास गोळ्या नेल्या, माझ्यासमोर सही केली. खाली माझं नाव. सहीला जागा.

"सही कर," मालक म्हणाले. "तुला कायमची करतो."

"न्हाय करत."

"काय?"

"न्हाय करत म्हणाले."

त्यांना पटलंच न्हाय. दोन वर्षांत माझ्या तोंडनं 'न्हाय' ऐकलेलंच न्हवतं त्यांनी. मग डोळे वटारले. "अक्षर तुझं हाय, ध्यानात ठेव. मी म्हणीन, पोरीनं परस्पर विकल्या. कोण ऐकणाराय तुझं? चार अक्षरं शिकली नेकाराची पोर आणि डोक्यावर बसाय लागली."

परत तोच शब्द. आणि काय सांगू, माझं डोकं असं तापलं! अरे, नेसला असशील की आमच्या हातचं! तुझ्या बायकोच्या लग्नातली साडी कुणाच्या मागावरची? आमचं सूत अंगाला चालतंय, आमचं अक्षर रजिस्टराला चालतंय, बळी द्यायला आमची मान चालतीय. आम्ही लायसन मागितलं की तेवढं चालत न्हाय.

"व्हय, नेकाराची हाय," मी म्हणाले. "आमच्यात सूत तुटलं की माग बंद करतात. तुटलेलं झाकून पुढं विणत न्हाईत."

रजिस्टर पुढंच होतं. एकेक पान उलटलं आणि मोबाईलवर फोटो काढले. मालक धावून आले, हात धरला. मी हिसडा दिला. आदल्या दिवसाच्या पानाखाली दोन ओळी मोकळ्या होत्या. त्यांच्यावर आडवी रेघ मारली, तारीख घातली, सही केली. चप्पल घातली आणि बाहेर पडले.

तडक ठाण्यात गेले. तिथले पोलीस साहेब कन्नडात बोलायचे. रजिस्टराचे फोटो बघून म्हणाले, "बरदद्दु नीनऽ?" लिहिलंस तूच?

"हौदु," मी म्हणाले. व्हय. "आणि शेवटचे पन्नास नग कुणी नेले तेबी मी बघितलंय. सांगते, लिहून घ्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे लिहून दिलंस तर पहिली केस तुझ्यावर. खोटं लिहिलं म्हणून. विचार करून ये जा."

"केलाय विचार."

चार पानं झाली. प्रत्येक पानावर सही केली.

तिथंच कळलं की त्या माणसाकडं लायसन न्हवतंच. मारामारीच्या केसमुळं कवाच अडकलंय. दाखवणार कुठनं? म्हणून माझं आधार वाचायला लावलं! हातात कागद न्हाय म्हणून माझ्या जातीवर आला. मी तर त्याला काय लई मोठं मागितलं न्हवतं. जे डुकरं हाकलणारा शेतकरी दाखवतो, तेवढंच मागितलं होतं.

पुढं काय झालं विचारता? सगळं गोड झालं न्हाय. मालकांना अटक झाली, पण त्याच दिवशी जामिनावर सुटले. तो साहेब छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात जाऊन झोपला. ढोलवाला अजून काठी घेऊन चालतोय. माझं काम गेलं. नाव आरोपींत लागलं. वडगावात माझ्या मैत्रिणी आता रस्त्यात बोलत न्हाईत, लांबनंच हसतात.

उचगावला जाऊन मी आप्पांच्या पाया पडले. त्यांचं नाव केसमधनं निघालं होतं, पण रिव्हॉल्वर अजून मिळालेलं न्हवतं. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते म्हणाले, "अक्षर कुणाचं विचारलं तवाच बोलायचं होतंस." आणि आत गेले. खरं होतं. मी उठून आले.

गेल्या आठवड्यात मालकांचा वकील आमच्या घरी आला. गोड बोलणं. "हिला एवढंच म्हणू दे, गिऱ्हाईक कोण होतं ते आठवत न्हाय. गर्दी होती, गोंधळ झाला. आम्ही हिला केसमधनं सोडवतो. न्हाय तर पोरीचं वाटोळं हुतंय बघा, लग्नबिग्न विसरा." बाबांनी आयुष्यात व्यापाऱ्यापुढं, दलालापुढं हेच केलेलं. हात जोडले. "सांगतो साहेब, समजावतो तिला."

मी बाबांचे जोडलेले हात धरले आणि खाली घेतले.

"आठवतंय मला," वकिलाला म्हणाले. "सगळं आठवतंय. जावा तुम्ही."

बाबा त्या दिवसापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. जेवण वाढते, खाली मान घालून जेवतात. त्यांना भ्या वाटतंय. वाटू दे. भ्यालेल्या माणसाचा राग मी करत न्हाय. भ्या घालणाऱ्याचा करते.

कोर्टाची तारीख पडलीय. मी जाणार. वकील नेमायला ऐपत न्हाय, सरकारी मिळंल तो घेणार. मी खोटं लिहिलं, हे पहिल्यांदा मीच सांगणार. शिक्षा झाली तर भोगीन. पण माझ्या गुन्ह्याच्या आडोशाला त्या साहेबाला लपू देणार न्हाय.