हजिऱ्यापर्यंतचे ताके

सागरी मैल आणि किलोमीटर एकच, असं धरून मी हिशेब केला. मी शाळेत गणित शिकवतो, हेही आत्ताच सांगून टाकतो; नंतर सांगायला जास्त लाज वाटेल.

हिशेब हवा होता माझ्या बायकोच्या मामांना. जगातलं कुठलंही अंतर कापडात मोजणारा असा माणूस सुरतेत दुसरा नसेल. लिंबायतला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जन्म गेला, शंभर-शंभर मीटरचे ताके खांद्यावरून वाहिले. "किलोमीटर कोणाला दिसतो, जावईबापू? ताका खांद्याला कळतो," हे त्यांचं शास्त्र. गोडादऱ्यातलं आमचं घर त्यांच्या लेखी वीस ताक्यांवर. नंदुरबारच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाला ते सांगत, "अजून सहाशे ताके आहेत, झोपा," आणि तो बिचारा सामान सावरून जागाच बसे. एकदा मी त्यांना चंद्राचं अंतर काढून दिलं. अडतीस लाख ताके ऐकून म्हणाले, "एवढा माल कोणता टेम्पोवाला नेईल?" चंद्राचा विषय तिथंच मिटला.

मामींचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर होता. जहाज आफ्रिकेहून आमच्याच हजिऱ्याच्या बंदराला निघालेलं. त्याचा निरोप आला: एवढे सागरी मैल उरलेत, आता मध्ये फोन लागणार नाही. मी जहाजाचा वेग किलोमीटरमध्ये काढला, अंतर मैलांतच राहू दिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "रविवारी येतो."

"पोऱ्या कथा उना?" मामी रोज विचारत. पोरगा कुठवर आला? साड्यांचे धागे कापण्यात हयात गेलेल्या बाईला मैल सांगून काय कळणार! मामा कानाशी वाकून उरलेले ताके सांगत. मामींची बोटं चादरीवर हलत, आलेल्या कापडाची घडी घालावी तशी.

रविवारी दुपारी मला माझी चूक सापडली. सागरी मैल किलोमीटरच्या जवळजवळ दुप्पट. जहाज बुधवारी लागणार होतं. मामांना बाहेर बोलावून सांगितलं. समोरच्या कारखान्यात लूम खडखडत होते. मामा आत गेले. मामींनी विचारलंच.

"हजिऱ्याला लागलं जहाज," मामा म्हणाले. "रिक्षात बसलाय."

उभ्या आयुष्यात त्यांनी ताक्याशिवाय सांगितलेलं हे पहिलं अंतर. दिवेलागणीला मामी गेल्या.

बुधवारी मुलगा आला आणि उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "माय काही बोलली?"

"तू आलास, असं समजून गेली," मामा म्हणाले.

मला कुठं बघावं कळेना. घरात चूल पेटलेली नव्हती. मामांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

"जावईबापू, नाक्यावरून चहा सांगा. किती कप, ते मी मोजतो."