एकदाच विचारणाऱ्या मॅडम

“ह्या मॅडम एकदाच इचारतात.”

खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीजवळ दोघं उभी होती. मी आत खुर्चीवर होते, पण खिडकीची काच फुटल्यापासून तिथे पुठ्ठा लावलेला असल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येई.

“मी त मुकुटबनहून अंधारात निघालो. म्हटलं, इथं गेल्यावर भेटीनच चहा. त्यायनं इचारलं, अन् माह्या तोंडातून आपोआप ‘नको’ निघून गेलं.”

“मंग?”

“मंग काय. त्यायनं थर्मास बंद केला.”

“पुढच्या बारीनं ‘नको’ जरा हळू म्हणजा.”

दोघंही हसली. मुकुटबनचे दादा शेती करत बी.ए.ला बसले होते. दुसरा आवाज दारव्ह्याच्या एका बाईंचा होता. त्यांना सगळे भाभी म्हणत. मी समोरच्या थर्मासकडे पाहिलं. त्यात निम्मा चहा शिल्लक होता. कॉलेजच्या शिपाई मावशी दर रविवारी सकाळी तो भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी उरलेला चहा कुंडीत ओतायच्या. या लोकांना चहा आवडत नाही, असं माझं मत झालं होतं.

यवतमाळच्या त्या कॉलेजात रविवारी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचे वर्ग भरत. शाळा मध्येच सुटलेली, मग लग्न, मुलं, दुकान, शेती, आणि त्यानंतर कधीतरी पुन्हा सुरू केलेलं शिक्षण. या लोकांना मदत करण्यासाठी एका संस्थेने मला तिथे नेमलं होतं. परीक्षेचे अर्ज, फी-सवलत, बसचा पास, बायोडाटा, मुलाखतीची तयारी, असं सगळं माझ्याकडे होतं. खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. कोपऱ्यात भाले तसेच उभे होते आणि कपाटावर एक कॅरम बोर्ड होता. आयांबरोबर आलेली मुलं तो खाली काढून खेळत बसत.

मी त्याच गावात वाढले, पण इंग्रजी शाळेत. वडील ऑफिसात, आजोबाही ऑफिसात. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जात असे आणि अभ्यास चालू आहे म्हणून ते खपूनही जाई. शाळेत आम्हाला पहिल्याच वर्षी ‘येस प्लीज’ आणि ‘नो थँक यू’ शिकवलं होतं. कोणी विचारलं की एकदा, स्पष्ट, समोर पाहून उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचं नाही. मला ते फार सोयीचं वाटे. बोलणं लवकर संपायचं.

त्या रविवारनंतर मी दोनदा विचारायला लागले. दुसऱ्यांदा विचारताना आपण कुणाच्या तरी अंगावर जातो आहोत असं वाटे, म्हणून माझा आवाज चढायचा आणि ते रागावल्यासारखं ऐकू यायचं. एकदा तर एका आजीबाईंनी घाबरून कप घेतला. पण थर्मास रिकामा होऊ लागला. नियम असा होता, हे मला हळूहळू कळलं. पहिलं ‘नको’ आपण हपापलेले नाही हे सांगण्यासाठी. दुसरं ‘नको’ समोरच्याला खरंच द्यायचं आहे का ते पाहण्यासाठी. तिसऱ्यांदा नुसता हात पुढे करायचा. मावशी तर विचारतच नसत. कप समोर ठेवून निघून जात.

“मॅडम सुधरल्या,” असं मुकुटबनचे दादा एकदा म्हणाले. यावेळी माझ्या समोरच.

भाभींची ओळख त्याआधीची. त्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. दारव्ह्यात त्यांच्या मिस्टरांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की तिच्यात तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, असं ते काम. शुगरमुळे मिस्टरांची नजर अधू झाली होती. बारीक तार आता त्यांना दिसत नव्हती आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली होती. मोठी मुलगी बारावीला होती. दुकान फार दिवस चालणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाभींनी मला हे सगळं एकदाच सांगितलं होतं, बायोडाटा भरताना, ‘अनुभव’ या शब्दापाशी.

“अनुभव काय लिवू? दुकानात बसतो. कोणता माल आला, कोणता गेला, पाहतो.”

“तेच लिहायचं,” मी म्हणाले.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीला स्टोअरमध्ये माणूस हवा होता. कच्चा माल उतरवून घ्यायचा, नोंदायचा, मागेल तसा द्यायचा. दारव्ह्याहून येणारी जीप लोहाऱ्यावरूनच जाते, त्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न नव्हता. मी भाभींचं नाव पाठवलं आणि आम्ही तयारीला लागलो. मी टेबलाच्या पलीकडे बसून साहेब व्हायचे. त्या दारातून आत यायच्या, ओढणी सारखी करायच्या, खुर्चीच्या टोकावर बसायच्या.

“पूर्ण बसा,” मी म्हणायचे.

“पूर्ण बसलं त साहेब म्हणीन, बाई मुक्कामालेच आली.”

कॅरम खेळणारी मुलं हसायची. स्वतःबद्दल चार इंग्रजी वाक्यं त्यांनी पाठ केली. ती जीपमध्ये म्हणून पाहताना शेजारच्या बाईने विचारलं म्हणे, कोणती दुआ वाचून राह्यली? सरावात त्या माझ्याकडे पाहत नसत. मीही कुणाकडे फारसं पाहत नाही, त्यामुळे दोघी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत सराव करायचो.

मुलाखत झाली. भाभी म्हणाल्या, बरी झाली. साहेबांनी माल कसा मोजता, कसा लावता ते विचारलं, तिथे त्यांना काही अडलं नाही. चार वाक्यांपैकी दोनच म्हणायला मिळाली याचं त्यांना वाईट वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात मला कंपनीचा ईमेल आला. इंग्रजीत होता, दोन ओळींचा. तुमच्या उमेदवाराची निवड झाली होती, फोन केला असता त्यांनी नकार दिला, आम्ही यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावत आहोत.

मी तो दोनदा वाचला आणि माझ्या तक्त्यात भाभींच्या नावापुढे ‘नकार’ असं लिहिलं. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं की विद्यार्थ्याच्या निर्णयाचा आदर करायचा, मागे लागायचं नाही. घरून कोणी नाही म्हटलं असेल, असं मला वाटलं. इंग्रजीत लिहिलेला नकार मला नेहमीच पक्का वाटत आला आहे. मी फोन केला नाही. फोन करणं मी शक्यतो टाळते.

रविवारी भाभी नेहमीप्रमाणे आल्या. वर्ग सुटल्यावर खोलीत येऊन उभ्या राहिल्या. मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या, मी पुन्हा विचारला, त्या पुन्हा नको म्हणाल्या, मी कप पुढे केला. मग कप हातात धरून त्या म्हणाल्या,

“मॅडम, त्यायचा दुसरा फोन नाही आला अजून.”

“कोणाचा?”

“कंपनीवाल्यायचा.”

“पण तुम्ही नाही म्हणालात ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच, नीट.

“मी कायले नाही म्हणीन?”

“त्यांनी तसं कळवलंय.”

“नाही कुठी म्हटलं? ते म्हणे, तुमचं झालं, एक तारखेपासून येता का. मी म्हटलं, राहू द्या न साहेब सध्या, घरी इचारून सांगतो. तसं म्हणाव लागते न.”

“घरी विचारायचं राहिलं होतं का?”

“घरी काय इचारायचं? ह्यायनं त डबा बी आणून ठेवला. तीन खणाचा.” त्यांनी कप दुसऱ्या हातात घेतला. “एका फोनात हो कसं म्हणाव, मॅडम? भुकेल्यासारखं दिसते. म्हटलं, परत करतीनच. मी त फोन मोरीत बी संगं नेऊन राह्यली.”

खोलीत मुलं कॅरमची सोंगटी शोधत होती. भाभींच्या हातातल्या चहावर साय धरली होती. मी लॅपटॉप उघडून तो ईमेल त्यांना मराठीत वाचून दाखवला.

“पुढच्या माणसाले बोलावलं?”

“हो.”

“हाव काय,” त्या म्हणाल्या आणि कप ठेवून दिला.

“तुम्ही त्यांना फोन करा. आत्ता करा.”

“मी कशी करू? आपूनच?”

मी ईमेल लिहिला. गैरसमज झाला आहे, उमेदवार इच्छुक आहे, कृपया पुनर्विचार करावा. इंग्रजी चांगलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. रविवार होता, उत्तर येण्याचं कारणही नव्हतं. निघताना भाभी दारात म्हणाल्या, “उद्या मी लोहाऱ्याले उतरू का?” मला तो प्रश्न वाटला नाही. तुम्ही येता का, असं त्या विचारत होत्या आणि ते थेट विचारणं त्यांना जमत नव्हतं. मी म्हणाले, “येते मी.” त्या म्हणाल्या, “नाही नाही, तुम्ही कायले तरास घेता.” मी म्हणाले, “येते.”

सोमवारी त्या लोहाऱ्याच्या फाट्यावर माझ्या आधी येऊन थांबल्या होत्या. हातात पिशवी होती. पिशवीत डब्याचा आकार दिसत होता. मी काही विचारलं नाही. गेटवर वॉचमनने नावं घेतली. आत मशीनचा एकसारखा आवाज होता आणि सरकीचा वास.

एचआरचे साहेब मध्यम वयाचे होते, बोलण्यावरून इकडचेच. माझ्याशी मात्र ते इंग्रजीत बोलले. इंग्रजीत मला सोपं जातं, कारण त्यात आपण थोडे दुसरेच कोणी असतो. ते म्हणाले, ईमेल आत्ताच वाचला, पण मी स्वतः फोन केला होता, त्यांनी स्पष्ट नको म्हटलं. माझी काही तक्रार नाही, पण दुसरा मुलगा येतोच आहे सही करायला. मला आज स्टोअरमध्ये माणूस पाहिजे. मी मान हलवली. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. मी येताना इंग्रजीत तीन वाक्यं ठरवून आणली होती. त्यांतली दोन त्यांनीच आधी खोडून काढली होती.

भाभी खुर्चीत पूर्ण बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. आम्ही काय बोलतो ते त्यांना निम्मं कळत असावं. त्या पेपरवेटकडे पाहत होत्या. तो इथेही होता.

बोलणं संपल्यासारखं झालं. साहेबांना ते अवघड वाटलं असावं. त्यांनी टेबलावरचा थर्मास ओढला आणि कागदी कप मांडले. मला विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी मला दिला.

“ताई, तुम्ही?”

“नाही नाही साहेब. आताच झाला.”

“घ्या हो, अर्धा.”

“नको, खरंच राहू द्या.”

“असं कसं? लोहाऱ्यापर्यंत आल्या अन् बिनचहाच्या जाता काय? घ्या.”

त्यांनी कप भरला आणि पुढे केला. भाभींनी हात पुढे करून तो घेतला, आणि दोघंही किंचित हसले, जसं अशा वेळी हसतात. मग साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. वॉचमन कुणाला तरी नाव विचारत होता.

माझा कप गरम होता. मी तो टेबलावर ठेवला. ठरवून आणलेलं तिसरं वाक्य मला आठवत नव्हतं. साहेब उठायला लागले. भाभींनीही चहा तसाच ठेवून पिशवी उचलली.

“सर,” मी म्हणाले. मराठीत बोलते आहे हे मला बोलल्यावर कळलं, आणि आवाज नेहमीसारखाच चढला होता. “चहाचं तुम्ही त्यांना तीनदा विचारलं. नोकरीचं एकदाच. अजून एकदा विचारा.”