डाव्या अंगाचं पॉकेट

असं करा, कपातला चहा आधी संपवा. ऐकताना नाकातून आला तर मी जबाबदार नाही. आणि हसा खुशाल, फजिती माझीच आहे. जन्मभर लोकांच्या टोप्या उडवल्या, पण त्या रविवारी माझी उडाली ती भर स्टेजवर.

आमच्या म्हाताऱ्या मंडळींचं नाटक होतं, सोलापुरातच. त्यात मी कारकून, आणि नायक माझा लंगोटीयार सिद्राम. वय एकाहत्तर, तरी नायक तोच. कारण डोक्यावर केस फक्त त्याच्याच उरलेत!

पडदा चारला उघडायचा. तीनला सिद्राम तोंडाला रंग लावायला गेला आणि त्याचा कोट डाव्या विंगेत खुंटीला राहिला. खिशातून पाकीट डोकावत होतं. आता मला सांगा, हात किती वेळ गप्प बसणार? घेतलं काढून. म्हटलं, अर्धा तास शोधू दे गड्याला, मग त्याच्याच टोपीतून काढून दाखवू.

सहज उघडलं, तर आत एका बाईचा फोटो. रंग लावायचा म्हणून माझा चष्मा काढून ठेवलेला, तरी एवढं कळलं की या आमच्या महादेवी वहिनी नव्हेत. आणि वहिनी तर शेंगाचटणी-भाकरीचा डबा घेऊन मागच्या दारात बसलेल्या! पाकीट पटकन कमरेला खोचलं.

तेवढ्यात स्टेजवरून थिएटरचा वायरमन इस्माईलभाई ओरडला, "डाव्या अंगाचं पॉकेट गेलं!"

तुम्हाला म्हणून फोडून सांगतो. स्टेजच्या फळ्यांत मधेमधे झाकणं असतात. झाकण उचललं की खाली पेटी, आणि पेटीत प्लग लावायच्या जागा. स्टेजवरचे दिवेबिवे तिथूनच पेटतात. या पेटीला वायरमन लोक पॉकेट म्हणतात, आणि तिची लाइन बंद पडली की पॉकेट गेलं. आम्हाला चौथीपर्यंत हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडं पॉकेट जातं ते एसटी स्टँडवर.

मी सदरा कमरेवर ओढून घेतला. इस्माईलभाई तरातरा विंगेत आला आणि पॉकेट कुणी उघडलं म्हणून विचारायला लागला. बघत होता नेमका माझ्याकडं. म्हटलं, सापडलो. आता खोटं बोलण्यात अर्थ नाही.

"म्या उघडलं," मी म्हणालो.

"आत हात घातला?"

"घातला की. पर घेतलं काय न्हाय."

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "चाचा, झटका बसला का?"

"बसला. आतलं बघून कुनालाबी बसंल."

झालं. त्यानं धावत जाऊन मेन बंद केला. सगळ्या थिएटरात गुडूप अंधार. चौघांनी मला उचलून फळीवर आडवा घातला, मोबाइलचे उजेड तोंडावर मारले आणि एकानं पायातल्या चपला काढल्या. मला वाटलं, आता त्याच डोक्यात. पण तो माझे तळवे चोळायला लागला. मारायच्या आधी तळवे चोळतात, हे मी नवीनच बघत होतो.

इस्माईलभाई कानाशी म्हणाला, "चाचा, सगळं खरं सांगा. लपवलं तर जिवावर बेतेल."

सिद्राम अर्ध्या तोंडाला रंग लावून धावत आला आणि माझा हात धरून बसला. वहिनी डबा टाकून उशाशी. मला राहवेना.

"सिद्राम, तुझं पॉकेट म्या काढलं. मस्करी हुती रं. आतल्या बाईचं म्या कुनाला सांगनार न्हाय."

वहिनींचा आवाज आला. "कंची बाई?"

बघा आता. चोर म्हणाले असते तर ते सोसलं असतं. पण पंचेचाळीस वर्षांचा संसार माझ्या एका वाक्यानं फाटणार, तोही जिवलग मित्राचा. मी ठिगळ लावायला गेलो.

"वहिनी, तसलं काय न्हाय. लई कुरूप हाय बाई. थोबाड ताटाएवढं, वर मिशी नुकतीच काढल्यागत ओठ. असलीसंगं कोन लफडं करंल?"

सिद्रामनं माझ्या कमरेचं पाकीट ओढलं, फोटो काढून उजेडात धरला आणि मट्कन खालीच बसला. मला वाटलं, गेला. तर हा पोट धरून हसतोय.

"आरं येड्या, ही तूच हाईस. गनपतीच्या नाटकात माजी बायकू झालतास की. तवापासनं ठिवलाय फोटू."

काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरला. इस्माईलभाईला पत्ता लागला की मी पेटीला बोटही लावलेलं नाही, झाकण नेपथ्यवाल्यांनी उघडं टाकलं होतं. त्यानं तिथंच दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. मी तर सिद्रामच्या गळ्यातच पडलो, त्याचा निम्मा रंग माझ्या सदऱ्याला.

वहिनींनी फोटो मागून घेतला, मोबाइलच्या उजेडात निरखला, मग मला निरखलं, पुन्हा फोटो.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी लई सांभाळून सांगितलंत की ओ. बाई त्याच्यापेक्षाबी कुरूप हाय."