ट्रंकेवरचं कुंकू

ट्रंकेच्या झाकणावर हळदीकुंकवाचे थरावर थर चढले होते. ती आमच्या संग्रहालयात घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "दर दसऱ्याला पूजा करते. उघडायचा धीर मात्र कधी झाला नाही." त्यांचे यजमान गावातल्या हौशी नाटकांचं नेपथ्य करायचे. ते गेल्यापासून त्यांचे कागद तसेच बंद होते.

काय जपायचं आणि काय नाही, हे ठरवणं माझं काम. नेपथ्याची पेन्सिलीनं काढलेली चित्रं आणि तालमींचे काही फोटो मी बाजूला घेतले. एकाच जाहिरातीचे गठ्ठे, कोरी पाकिटं, छापील स्मरणिका नको होत्या. पण हे घरच्यांना सांगणं मला अजूनही जड जातं.

"काकू, आम्ही एवढंच ठेवू. बाकीचं..."

"टाकलं तर चालेल?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.

"चालेल."

त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि चक्क हसल्या. "सुटले बाई!"

माझाही जीव भांड्यात पडला. घरच्या माणसाला कोऱ्या पाकिटातही माणूस दिसतो. तिथे 'नको' म्हणायला कुणीतरी परकंच लागतं.

"ट्रंक नेते हं. गोधड्यांना होईल," असं म्हणत त्यांनी ती रिकामी ट्रंक एका हातानं उचलली. वर आणताना दोन माणसांना दम लागला होता.

त्या जिना उतरेपर्यंत झाकणावरचं ते कुंकू दिसत होतं. खरं जपण्यासारखं तेच होतं. पण मी मागितलं नाही. आमच्याकडे ते होतं तसंच राहिलं असतं. त्यांच्याकडे दसऱ्याला त्यावर आणखी एक बोट उमटेल.